तिथं कोण राहतं?

गेल्या ११ जुलैला शिरोळात आम्ही अभ्यासवर्ग घेतला. विहाराच्या पत्र्यावर पाऊस वाजत होता. आत सतरंजीवर पंचवीस-तीस पोरं. विषय होता रमाबाई नगरचा गोळीबार. मी तासभर बोललो. आयोग, खटला, निकाल, सगळं सांगितलं. शेवटी प्रश्न विचारा म्हटलं, तर एक पोरगा उठला. भरतीची तयारी करणारा पोरगा. रोज पहाटे जयसिंगपूरच्या रस्त्यानं पळतो.

म्हणाला, "सर, तुम्ही बोलला ते पटलं. पण उद्या मी फौजेत गेलो, आन् साहेबानं हुकूम दिला, मार गोळी. आन् चुकीची माणसं मेली. तर गुन्हेगार कोण? मी, का साहेब?"

मला लगेच उत्तर देता आलं नाही. मागं भिंतीला टेकून एक फौजी पेन्शनर बसले होते. आमच्यातलेच. ते म्हणाले, "हुकूम म्हंजे हुकूम. फौजेत इचार करायचा पगार देत न्हाईत." पोरं हसली. वर्ग संपला.

चपला शोधताना म्हातारा माझ्याजवळ आला. हळूच म्हणाला, "एकदा म्या इचारलं हुतं. समोर वस्ती हुती. तिच्यावर मारा करायचा हुता. म्या म्हणलं, साब, तिथं कोण राहतं? तर म्हणले, तुला काय करायचंय?"

मी म्हटलं, "मग?"

"मग काय. केला मारा."

डोक्यावर प्लॅस्टिकची पिशवी घेतली आणि पावसात निघून गेला.

मित्रांनो, हा लेख त्या पोराच्या प्रश्नासाठी आहे. पण लिहिता लिहिता माझ्या ध्यानात आलं की म्हाताऱ्याचा प्रश्नच मोठा आहे. पोराच्या प्रश्नाचं उत्तर त्यातूनच काढावं लागतं.

आधी रमाबाई नगरच घेऊ. ११ जुलै १९९७. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात सकाळी बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला दिसला. लोक घराबाहेर पडले. हमरस्ता अडवला. राज्य राखीव पोलीस दलाची तुकडी आली. तिचा प्रमुख उपनिरीक्षक मनोहर कदम यानं गोळीबाराचा हुकूम दिला. १० माणसं मेली. २६ जखमी झाली. बचाव असा की जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, मोठा अनर्थ टळला. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगानं हा बचाव मानला नाही. गोळीबार अनाठायी ठरवला. ७ मे २००९ ला, म्हणजे जवळजवळ बारा वर्षांनी, मुंबईच्या सत्र न्यायालयानं कदमला सदोष मनुष्यवधाबद्दल जन्मठेप दिली. पुढं हायकोर्टानं शिक्षा स्थगित करून त्याला जामीन दिला.

शिक्षा स्थगित झाली याचा संताप आपल्या मनात आहे, आणि तो असला पाहिजे. पण संतापाच्या भरात त्या निकालातली एक गोष्ट आपण हातातून घालवतो. बंदुकांचे चाप जवानांनी ओढले होते. दोषी ठरला हुकूम देणारा. म्हणजे हुकूम हे नुसतं तोंडचं वाक्य नाही, ती कृती आहे, आणि त्या कृतीनं माणूस मरतो, हे एका कोर्टानं आपल्या प्रकरणात मान्य केलं. ही छोटी गोष्ट नव्हे. या देशात हुकूम देणारा नेहमी कोरडाच राहत आला. महारानं मेलेलं ढोर ओढायचं, मांगानं फास आवळायचा, आणि विटाळ कुणाला? ओढणाऱ्याला, आवळणाऱ्याला. ज्यानं सांगितलं तो शुद्धच. काम करणारा हात अपवित्र आणि काम सांगणारी जीभ पवित्र, हा जातिव्यवस्थेचा पाया आहे. म्हणून हुकूम देणाऱ्याला गुन्हेगार म्हणणं ही आपल्या दृष्टीनं नुसती कायद्याची बाब नाही. ती पवित्र जिभेला हात घालण्याची बाब आहे.

आता रमाबाई नगर ही काही रणभूमी नव्हती. तिथं कायदा सरळ होता. जमाव पांगवायला कमीत कमी बळ वापरायचं. लष्कर बोलावलं तरी कमीत कमी बळ, कमीत कमी इजा, असं जुन्या फौजदारी संहितेत लिहिलं होतं आणि नव्या संहितेतही आहे. लढाईत तसं नसतं. लढाईत शत्रूच्या सैनिकाला मारायची मुभा आहे. इतकंच नव्हे, सैनिकी ठाण्यावर मारा करताना आजूबाजूचे काही सामान्य लोक मेले तरी तेवढ्यानं गुन्हा होत नाही. पोराचा प्रश्न खरा अवघड होतो तो इथं. लढाईत हुकूम देणारा कधी गुन्हेगार ठरतो?

आपल्या इतिहासातला ठळक हुकूम जालियनवाला बागेतला. १३ एप्रिल १९१९. डायरनं सूचना न देता गोळीबार करायला लावला. १,६५० फैरी. सरकारी आकडा ३७९ मृत. चाप ओढणारे शिपाई गुरखा आणि इतर हिंदी होते, हे विसरू नका. डायर चौकशी समितीपुढं उभा राहिला आणि केल्याचं त्यानं नाकारलं नाही. त्याची नेमणूक गेली. खटला झाला नाही. त्या काळी हुकूम देणाऱ्याला लागायची ती एवढीच झळ.

दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूरेंबर्गला पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर दोन गोष्टी झाल्या. वरच्याचा हुकूम होता म्हणून खालचा सुटणार नाही. फार तर शिक्षा कमी होईल. आणि तो वरच्या पदावर होता म्हणून वरचा सुटणार नाही. 'हुकूम होता' हा बचाव तिथं मोडला. आपल्या पोराच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथं मिळतं. साहेब आणि तू, दोघंही. एकाच्या गुन्ह्यानं दुसऱ्याचा गुन्हा धुऊन निघत नाही.

पण एक बचाव मोडला की दुसरा उभा राहतो. साहेबलोकांचा बचाव वेगळा असतो. ते म्हणतात, 'मला माहीत नव्हतं.' हा बचाव अजून धड उभा आहे. त्याची जडणघडण समजून घेऊ.

युद्धाचा कायदा हल्ला ठरवणाऱ्याला मुख्यतः तीन गोष्टी सांगतो. एक, सैनिक आणि सामान्य माणूस यांत फरक कर. शंका आली तर समोरचा सामान्य माणूसच आहे असं धर. दोन, हल्ल्यातून जो सैनिकी फायदा मिळेल असं वाटतं, त्याच्या मानानं सामान्य लोकांची हानी अतोनात होणार असेल तर हल्ला करू नको. तीन, मारायच्या आधी शक्य ती सगळी खात्री करून घे. १९७७ च्या जिनिव्हा पूरक करारात हे कलमवार लिहिलं आहे. त्याच करारात धरणाबद्दल कलम आहे: धरण फोडल्यानं खालच्या वस्त्यांची मोठी हानी होणार असेल, तर ते सैनिकी लक्ष्य असलं तरी एरवी त्याला हात लावायचा नाही. आपण कृष्णा, पंचगंगा, वारणा, दूधगंगेच्या काठची माणसं. २००५, २०१९, २०२१ चं पाणी आपण बघितलं आहे. वर कुठं तरी ठरतं आणि खाली घरं बुडतात, हे आपल्याला कुणी समजावून द्यायला नको. कुठल्याही जुन्या गावात बघा, आपली वस्ती पाण्याच्या आणि वाऱ्याच्या खालच्या अंगालाच असते. ते धरणाचं कलम हुकूम देणाऱ्याला म्हाताऱ्याचाच प्रश्न विचारतं: तिथं कोण राहतं? भारतानं १९४९ चे जिनिव्हा करार मान्य केले, १९६० साली त्यांचा कायदाही केला. १९७७ चा हा पूरक करार मात्र अजून मान्य केलेला नाही.

हे झाले नियम. नियम मोडला की गुन्हा झालाच असं नाही. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या १९९८ च्या रोम करारात बघा. सामान्य लोकांची हानी फायद्याच्या मानानं 'उघड उघड' अतोनात होईल हे माहीत असून हल्ला केला, तरच तो युद्धगुन्हा. 'माहीत असून' सिद्ध करावं लागतं. नुसती खात्री करून घेतली नाही, चौकशी केली नाही, हा तिथं वेगळा गुन्हाच नाही. आणि त्याच करारात दुसरं कलम सांगतं की हाताखालच्या सैनिकांनी गुन्हे केले आणि सेनाधिकाऱ्याला ते 'माहीत असायला हवे होते', तरी तो जबाबदार. बघा हं. शिपायानं केलेल्या अत्याचारासाठी साहेबाला 'माहीत असायला हवं होतं' एवढं पुरतं. साहेबानं स्वतः घेतलेल्या निर्णयासाठी मात्र 'माहीत होतं' असं दाखवावं लागतं. म्हणजे ज्याला काही माहीत करून घ्यायचंच नाही, त्याला वाट मोकळी. ज्यानं विचारलं तो अडकला, ज्यानं विचारलं नाही तो सुटला. 'तुला काय करायचंय' या वाक्याला कायद्यात अशी जागा मिळते.

आता समोरच्याची बाजू. ती खोटी नाही, म्हणून प्रामाणिकपणे मांडतो. लढाईत धूर असतो, बातम्या अर्धवट असतात, वेळ नसतो. नंतर थंड डोक्यानं फाइल वाचणाऱ्यानं त्या घडीला निर्णय घेणाऱ्याला फासावर चढवावं का? १९४८ साली न्यूरेंबर्गच्या दुसऱ्या एका खटल्यात हाच प्रश्न आला. रेंडुलिक नावाच्या जर्मन जनरलनं १९४४ साली नॉर्वेच्या उत्तर टोकाला गावंच्या गावं जाळून माणसं हाकलली. रशियन फौज मागावर आहे असं त्याला वाटत होतं. तसं काही झालं नाही. कोर्ट म्हणालं, आज बघता याची गरज नव्हती; पण त्या वेळी त्याला असलेल्या माहितीवरून त्याला प्रामाणिकपणे गरज वाटली. त्या आरोपातून तो सुटला. नियम पडला: निकालावरून नको, त्या घडीच्या माहितीवरून न्याय करा.

हा नियम मला मान्य आहे. हो, मान्य आहे. आपल्यातलेही लोक फौजेत अधिकारी आहेत, उद्या आणखी होतील. घडीभरात घेतलेल्या निर्णयाला वर्षाच्या शहाणपणानं मोजणं अन्याय आहे. मोजमापाची अडचणही खरी आहे. क्रोएशियाच्या गोतोविना या जनरलवर १९९५ च्या तोफमाऱ्याबद्दल खटला झाला. खालच्या न्यायासनानं अंतर मोजलं: लक्ष्यापासून २०० मीटरपेक्षा लांब पडलेला गोळा मुद्दाम टाकलेला धरला. २०११ साली २४ वर्षांची शिक्षा झाली. २०१२ साली अपिलात ही २०० मीटरची पट्टीच पडली आणि तीन विरुद्ध दोन मतांनी तो सुटला. पट्टीनं माणुसकी मोजता येत नाही, एवढं त्यातून दिसलं.

पण माहितीच्या या नियमाला एक भोक आहे. त्या घडीला जी माहिती होती ती कुणी गोळा केली? किती केली? कुणासाठी किती केली?

आपल्या तालुक्यात काटा म्हटलं की सगळ्यांना कळतं. ऊस शेतकऱ्याचा, वाहन शेतकऱ्याचं, काटा दुसऱ्याचा. काटा मारला असा संशय आला की लोक रस्त्यावर येतात, कारण ज्याच्या हातात काटा आहे त्याचा माल काट्यावर नाही. युद्धाच्या कायद्यातलं ते दुसरं तत्त्व काट्याचंच आहे. एका पारड्यात सैनिकी फायदा, दुसऱ्यात माणसं. काटा हुकूम देणाऱ्याच्या हातात. आणि तो, त्याची बायकोपोरं, त्याची गल्ली पारड्यात कधीच नसते. म्हणून मी म्हणतो, निकाल बघू नका, माहितीच बघा. पण असं विचारा: ही वस्ती त्याच्या माणसांची असती, तर एवढ्याच माहितीवर त्यानं हाच हुकूम दिला असता का? दुसऱ्या माणसांसाठी त्यानं जास्त चौकशी केली असती, तर जी चौकशी केली नाही तिथंच त्याचा गुन्हा आहे.

हा प्रश्न हवेतला नाही. याचं उत्तर आपल्या मुंबईनंच दिलं आहे. २६ नोव्हेंबर २००८ ला ताजमध्ये चार अतिरेकी शिरले. हातात एके-४७ रायफली, हातबाँब. शेवटचा अतिरेकी २९ तारखेच्या सकाळी पडला. एवढा वेळ का लागला? कारण कमांडो मजल्यामागून मजला, खोलीमागून खोली गेले. आत पाहुणे होते, नोकर होते. प्रत्येक दाराआड कोण आहे हे बघत गेले. मेजर संदीप उन्नीकृष्णन तिथं गेले. ताजवर रणगाड्याचा गोळा टाका, असं कुणी म्हटलं नाही. कुणाच्या मनातही आलं नाही. आणि ते बरोबरच होतं! त्या जवानांना माझा सलाम आहे. मी एवढंच सांगतो की शंभर टक्के शत्रू आत असतानाही 'तिथं कोण राहतं' हा प्रश्न विचारता येतो, त्यासाठी थांबता येतं, त्यासाठी आपल्या माणसांचा जीव धोक्यात घालता येतो. शक्य नव्हतं असं आता कुणी सांगू नये.

आता दुसरी जागा. ४ डिसेंबर २०२१. नागालँडचा मोन जिल्हा, ओटिंग गाव. शनिवारची संध्याकाळ. कोळशाच्या खाणीतले मजूर पिकअप गाडीतून घरी निघालेले. लष्कराचे कमांडो दबा धरून बसलेले. अतिरेकी येणार अशी खबर होती. गाडी आली, गोळ्या सुटल्या. गाडीत आठ जण होते, सहा जागीच मेले. गावकरी धावून आले, चकमक झाली, आणखी सात गावकरी आणि एक जवान मेला. चौकशी करणाऱ्या नागालँड पोलिसांनी सांगितलं की ओळख पटवली नव्हती, ठरलेली कार्यपद्धती पाळली नव्हती. एका मेजरसह ३० जणांवर आरोपपत्र झालं. पण तिथं लष्करी विशेषाधिकाराचा १९५८ चा कायदा लागू होता. त्याप्रमाणं केंद्राच्या परवानगीशिवाय खटला चालत नाही. केंद्रानं परवानगी नाकारली. सप्टेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं फौजदारी कारवाई बंद केली; पुढं कधी परवानगी मिळाली तर चालवता येईल, एवढं दार उघडं ठेवलं.

ताजमध्ये अतिरेकी नक्की होते आणि तीन दिवस प्रत्येक दार तपासलं. ओटिंगला अतिरेकी नव्हतेच आणि एका गाडीत कोण बसलंय हे तपासलं नाही. दोन प्रसंग सारखे नाहीत, हे मला कळतं. एक वेढा होता, एक सापळा. पण फरक तेवढाच आहे का? मजुरांच्या गाडीबद्दलची चूक स्वस्त पडते, हे ठरवणाऱ्याला ठाऊक असतं. मनात ठाऊक असतं, तोंडानं म्हणावं लागत नाही. अशा ठाऊक असण्यालाच आम्ही जात म्हणतो. जात म्हणजे नुसतं शिवायचं नाही, वेगळं पाणी, एवढंच नव्हे. कुणाबद्दल किती चौकशी करायची याचं वाटप म्हणजे जात.

ही जात फक्त आपल्या देशात नाही. २९ ऑगस्ट २०२१ ला अमेरिकेनं काबूलमध्ये ड्रोननं एक गाडी उडवली. दहा माणसं मेली, त्यात सात पोरं. गाडीवाला मदत संस्थेत काम करणारा निघाला. आधी नेमका हल्ला म्हणाले, नंतर चूक म्हणाले. डिसेंबरात जाहीर केलं की कुणालाही शिक्षा नाही. प्रत्येक चूक एकट्यानं बघितली तर चूकच दिसते. पण चुका नेहमी एकाच बाजूच्या लोकांवर का पडतात?

आणि न्याय होतो तोही कुणाचा? फिलिपिन्समध्ये सैनिकांनी केलेल्या अत्याचारांना आवर घातला नाही म्हणून जपानी जनरल यामाशिताला अमेरिकेनं १९४६ साली फासावर दिलं. व्हिएतनाममध्ये १९६८ साली माय लाय गावात अमेरिकन सैनिकांनी शेकडो म्हातारेकोतारे, बाया, पोरं मारली. त्या हत्याकांडाबद्दल एकट्या लेफ्टनंट कॅलीला शिक्षा झाली. जन्मठेप मिळाली, आणि साडेतीन वर्षांत, तीही बहुतेक घरातल्या कैदेत काढून, सुटला. शत्रूचा जनरल फासावर आणि आपला लेफ्टनंट घरी. टोकियोच्या खटल्यात आपल्या देशाचे न्यायाधीश राधाबिनोद पाल यांनी १९४८ साली एकट्यानं सगळ्या आरोपींना निर्दोष म्हटलं. जपानी अत्याचार बघता मला ते पूर्ण पटत नाही. पण त्यांनी एक गोष्ट कागदावर आणली जी बाकीच्यांनी टाळली: अणुबाँब टाकायचा निर्णय. त्या युद्धातला सर्वांत मोठा हल्ल्याचा हुकूम, आणि त्याबद्दल कधी कुणी आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहिलं नाही.

मनूनं एकाच गुन्ह्याला वर्ण बघून वेगवेगळी शिक्षा लिहिली. राष्ट्रांतही वर्ण आहेत. सुरक्षा समितीतले पाच नकाराधिकारवाले वरचे. अमेरिका, रशिया, चीन या फौजदारी न्यायालयाचे सदस्य नाहीत. भारतही नाही. तरी दगड हलला आहे. सारायेवोला वेढा घालून शहरावर गोळे आणि नेमबाज सोडणाऱ्या गॅलिच या जनरलला २००६ साली अपिलात जन्मठेप झाली, आणि त्या खटल्यात न्यायाधीशांनी बेफिकिरीलाही हेतूच्या पंगतीत बसवलं. २०२४ साली युक्रेनच्या वीजकेंद्रांवरच्या हल्ल्यांबद्दल रशियाच्या वरिष्ठ सेनाधिकाऱ्यांवर वॉरंट निघालं. त्याच वर्षी नोव्हेंबरात गाझाबद्दल इस्राएलचे पंतप्रधान नेतान्याहू यांच्यावर निघालं. पकडलं कुणी नाही. पण वॉरंट पवित्र जिभेवर निघालं.

आता आपल्या घरचं बोलू. ते टाळलं तर बाकी सगळं बोलणं पोकळ आहे. दर १ जानेवारीला आपण भीमा कोरेगावला जातो. १९२७ साली बाबासाहेब तिथं गेले. १८१८ च्या लढाईच्या त्या स्तंभावर आपल्या पूर्वजांची नावं आहेत, नाक लागलेली. त्यांच्या शौर्याचा अभिमान मला आहे आणि राहील. १९४१ साली बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, त्यामागं बाबासाहेबांची खटपट होती. बंदूक धरायचा हक्कच नाकारलेल्यांना तो हक्क मिळणं ही माणूसपणाची गोष्ट होती. पण हात धरायचा हक्क मिळाला म्हणून हुकुमाचा प्रश्न सुटत नाही. कोरेगावला हुकूम स्टाँटनचा होता, राज्य कंपनीचं होतं. शौर्य आपलं आणि निर्णय दुसऱ्याचा, इथंच आपण किती दिवस खूश राहणार?

आणि निर्णय आपला झाला, तर? तेव्हाचा आपला आदर्श अशोक. कलिंगानंतर त्यानं तेराव्या शिलालेखात स्वतःहून आकडे कोरले: दीड लाख हाकलून नेले, एक लाख मारले, त्याहून कितीतरी जास्त मेले. 'मला माहीत नव्हतं' असं तो म्हणाला नाही. मेलेल्यांत कोण होतं, मागं कोण राहिलं, हे त्यानं विचारलं आणि लिहिलं. जगात असा हुकूम देणारा विरळा. तरीही बघा, धौली आणि जौगडला, म्हणजे खुद्द कलिंगात, हा लेख त्यानं कोरला नाही. कलिंग परतही दिलं नाही. त्याच लेखात रानातल्या लोकांना दम भरला आहे. अशोक थोर होता म्हणूनच हे सांगतो. थोरातल्या थोराचा पश्चात्तापही पुरत नाही. हुकूम देणाऱ्यानं आपला न्याय आपणच करायचा, हे अशोकालाही जमलं नाही. म्हणून बाहेरचं कोर्ट लागतं.

त्या पोराला काय सांगू? वसुबंधूनं अभिधर्मकोशात फार कडक सांगितलं आहे: सैन्यात सगळे एका कामाला जमलेले असतात, मारणारा एक असला तरी दोष सगळ्यांचा, जबरीनं आणलेलाही सुटत नाही, जीव गेला तरी मारणार नाही असा निश्चय त्यानं केलेला असल्याशिवाय. आचार्यांबद्दल आदर ठेवून म्हणतो, मला हे अर्धंच पटतं. दोष सगळ्यांना, हे खरं. सगळ्यांना सारखा, हे खरं नाही. ज्याला घरातलं कर्ज फेडायला भरती व्हायचंय तो पोरगा आणि ज्याच्यापुढं नकाशा, ड्रोनचा फोटो, टेलिफोन आणि वकील आहे तो जनरल, यांना एका मापानं मोजणं हा आणखी एक काटा मारणं आहे. ज्याला जास्त माहीत करून घेता येतं, ज्याला जास्त नाही म्हणता येतं, त्याचा गुन्हा जास्त. सत्ता वर चढते तसा गुन्हाही वर चढला पाहिजे.

म्हणून पोरा, तुला दोन गोष्टी. एक, आर्मी ॲक्टात आज्ञाभंगाचा गुन्हा आहे तो 'कायदेशीर' हुकूम मोडल्याचा. तो शब्द पाठ कर. समोर हात वर केलेला माणूस आहे, लहान पोर आहे, तिथं हुकूम हा बचाव नाही. दोन, जमेल तिथं, जमेल तेवढं विचार, तिथं कोण राहतं. एकदा विचारलंस की 'मला माहीत नव्हतं' म्हणायची वाट तू साहेबासाठी बंद केलीस.

आणि आपल्याला, बाहेर राहणाऱ्यांना, काम वेगळं आहे. खटल्याला परवानगी का नाकारली याची कारणं मागणं. पूरक करार आणि रोम करार यांच्यापासून भारत लांब का, हे आपल्या निवडून दिलेल्या लोकांना विचारणं. विचारलं नाही हाही गुन्हा धरा, अशी मागणी करणं. फक्त आपली माणसं मेली तेव्हा नव्हे. ओटिंगची मेली तेव्हाही, काबूलची मेली तेव्हाही.

हे सगळं मी त्या पोराला परवा सांगितलं. ऐकून घेतलं त्यानं. मग म्हणाला, "सर, असं इचारलं तर मला ठेवतील का फौजेत?"

याचं उत्तर माझ्याजवळ नाही. म्हाताऱ्यानं एकदा विचारलं होतं आणि मग मारा केला होता. तो अजून विसरलेला नाही. साहेब विसरला असेल.